जुन्या नॅसच्या डब्यात डेबियन: आधी पेनड्राइव्हवरून, फ्लॅशला शेवटी हात

परभणीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही येणं कमी झालं तसे टेबलावर वेगळेच डबे यायला लागले. लातूरच्या शिकवणी वर्गांतून, वाळूज एमआयडीसीतल्या लहान ऑफिसांतून, वकिलांच्या घरांतून निघालेले एका-दोन डिस्कचे नॅस. घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरना एकाच ठिकाणी फाइली ठेवता याव्यात म्हणून घेतलेले. आणणाऱ्याचं म्हणणं बहुतेक एकच असतं: "भाऊ, नवीन लॅपटॉप घेतल्यापासून हे दिसतच नाही." डबा धडधाकट असतो. त्याच्या जुन्या फर्मवेअरला, म्हणजे डब्यातल्या मूळ सॉफ्टवेअरला, एसएमबीची (विंडोजची नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची पद्धत) पहिलीच आवृत्ती येते, आणि २०१७ च्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोज १० च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती आवृत्ती मुळात नसते, किंवा वापर नसला तर आपोआप निघून जाते.

विंडोजमध्ये ती जुनी आवृत्ती परत चालू करून देणारे पुष्कळ आहेत. मी ते करत नाही. जून २०२१ मध्ये इंटरनेटला जोडलेल्या वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह डिस्क जगभरात कोऱ्या झाल्या. त्यांना शेवटचं अपडेट २०१५ साली मिळालं होतं. एप्रिल २०२४ मध्ये डी-लिंकच्या डीएनएस-३२५, डीएनएस-३२०एल अशा नॅसमध्ये फर्मवेअरमध्येच कायमचं घातलेलं खातं सापडलं, आणि ही यंत्रं आता बदला, दुरुस्ती निघणार नाही, असं कंपनीने सांगितलं. लोखंड चांगलं आहे, आतलं सॉफ्टवेअर संपलंय. तेवढं बदलायचं. त्यासाठी माझा एकच हट्ट आहे: बोर्डावरच्या फ्लॅशमध्ये, म्हणजे मूळ फर्मवेअर असलेल्या चिपमध्ये, सगळं जमेपर्यंत काही लिहू नका, लिनक्स आधी पेनड्राइव्हवरून चालवा. फ्लॅश शाबूत असेल तर कुठूनही मागे फिरता येतं.

डबा निवडताना कंपनीपेक्षा आतला प्रोसेसर बघा. मार्वेलचा कर्कवुड असेल तर निश्चिंत घ्या. २००९ च्या शीवाप्लगपासून या चिपवर लोक डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) चालवतात, आणि डी-लिंकच्या डीएनएस-३२० सारख्या डब्यांची, झायझेलच्या एनएसए मालिकेतल्या काहींची, सीगेटच्या गोफ्लेक्स नेटची, क्यूनॅपच्या टीएस-२१९ ची वर्णनं मूळ लिनक्स कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहेत. रॅम १२८ एमबी असली तर फाइल सर्व्हरपुरतं भागतं, २५६ असली तर हात मोकळा राहतो. माय बुक लाइव्ह पॉवरपीसी या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर चालतो आणि डेबियनने तो पाठिंबा २०१७ च्या आवृत्तीपासून काढला, म्हणून तिथे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं छोटं लिनक्स टाका. लिंकसिसचा एनएसएलयू२ कुणी फुकट दिला तर ठेवून द्या, पण ३२ एमबी रॅमवर आजचं काम ओढत नाही.

आवृत्तीही आत्ताच ठरवा. कर्कवुडसाठी डेबियनचा आर्मईएल हा प्रकार लागतो, जुन्या एआरएम प्रोसेसरसाठीचा. २०२३ च्या बुकवर्म या आवृत्तीत त्यासाठी मार्वेलचा तयार कर्नल मिळतो. २०२५ च्या ट्रिक्सीमध्ये आर्मईएलचा इन्स्टॉलर नाही, आणि तयार कर्नल फक्त जुन्या रास्पबेरी पायसाठी आहेत. म्हणून बुकवर्मच घ्या, आणि आवृत्ती मागची असल्याने डबा घरच्या नेटवर्कच्या बाहेर कधीच उघडू नका. राउटरमध्ये त्याच्यासाठी पोर्ट फॉरवर्ड, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, करायची नाही.

आता हात काळे करायचं काम. पहिली तपासणी अडॅप्टरची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो, आणि कंडेन्सरचं आयुष्य तापमान वाढलं की दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. पत्र्याच्या खोलीत चोवीस तास लावलेल्या अडॅप्टरचं काय होत असेल ते त्यातून कळावं. नुसता मल्टिमीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून तो चांगला ठरत नाही. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते, तेव्हा काटा बघा. ११ च्या खाली आला, डिस्क टक-टक करून थांबली, तर अडॅप्टर बदला. माझ्याकडे "डिस्क गेली" म्हणून आलेल्यांत अडॅप्टर गेलेले बरेच असतात. डिस्क चांगली असताना ती फेकून देऊ नका.

नंतर डिस्क काढून लिनक्सच्या लॅपटॉपला जोडा आणि आतलं सगळं उतरवून घ्या. बहुतेक डबे ईएक्सटी३ किंवा ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिम वापरतात, दोन डिस्कची जोडी असेल तर लिनक्सचंच सॉफ्टवेअर रेड (डिस्क एकत्र चालवायची सोय) असतं, आणि मिरर केलेल्यातली, म्हणजे दोन्हींवर तेच असलेल्यातली, एकटी डिस्कही वाचता येते. एका वकीलकाकांच्या डिस्कवर १९५४ च्या खासरा पत्रकांचे, जमिनीच्या जुन्या नोंदींचे, स्कॅन होते. असा ऐवज दुसरीकडे पोचेपर्यंत मी स्क्रू-ड्रायव्हर उचलत नाही. स्मार्टची, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीची, लांब चाचणीही इथेच लावा. ती काही तास चालते. वाचता न येणारे सेक्टर वाढत असतील तर ती डिस्क पुन्हा नॅसमध्ये जाऊ नये.

सिरीयल जोडणी हे या सगळ्याचं मर्म आहे. इथे घाई नको. बोर्डावर चार किंवा पाच पिनांची रांग, नाहीतर नुसती भोकं दिसतात. त्यातून डबा बूट होताना काय बोलतो ते ऐकू येतं आणि त्याला थांबवताही येतं. लागतं ते साधं यूएसबी-टीटीएल अडॅप्टर, सीपी२१०२ किंवा सीएच३४० चिपचं, ३.३ व्होल्टवर ठेवलेलं. जुन्या कॉम्प्युटरची आरएस-२३२ केबल थेट लावलीत तर तिच्या जास्त व्होल्टेजने चिप जळते.

पिना ओळखायची माझी पद्धत अशी. डबा बंद असताना मल्टिमीटर बझरवर ठेवा. एक टोक डब्याच्या पॉवर सॉकेटच्या निगेटिव्हला, दुसरं एकेका पिनेला. वाजली ती ग्राउंड. मग डबा चालू करून ग्राउंडच्या हिशोबाने व्होल्ट मोजा. कायम ३.३ वर स्थिर राहते ती बहुधा सप्लायची पीन, तिला काहीही जोडायचं नाही. बूट होताना जिचा आकडा ३.३ च्या आसपास थरथरतो ती डब्याची बोलायची पीन, टीएक्स. उरलेल्यांत ऐकायची, आरएक्स. डब्याचा टीएक्स तुमच्या आरएक्सला, आणि उलट. वेग १,१५,२००, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट. लॅपटॉपवर सिरीयल वाचायला पिकोकॉम किंवा पुटी हा प्रोग्राम चालेल. अक्षरं कचऱ्यासारखी आली तर वेग चुकलाय, काहीच आलं नाही तर तारा अदलाबदल करून बघा. भोकांना पिना सोल्डर करताना बारीक बिट वापरा, बोर्ड तापवत बसू नका.

सोल्डरिंग जमत नसेल तर डी-लिंकच्या काही डब्यांत एक वाट आहे. डिस्कच्या मुळाशी फन_प्लग नावाची स्क्रिप्ट ठेवली की मूळ फर्मवेअर ती बूटच्या वेळी चालवतं, आणि तिच्यातून डेबियन वेगळ्या फोल्डरात चालवता येतं. पण खालचा कर्नल जुनाच राहतो, म्हणून मी ते तात्पुरतं समजतो.

सिरीयल चालू झाली की उलटी मोजणी दिसेल. ती संपायच्या आत कळ दाबा. काही डब्यांना ठराविकच कळ लागते. तुम्ही यू-बूटमध्ये, म्हणजे डबा सुरू करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, आलात. पहिली आज्ञा प्रिंटएनव्ही. जे छापलं जाईल ते सगळं फाइलमध्ये जपून ठेवा: बूटची मूळ आज्ञा, फ्लॅशचे भाग, आणि नेटवर्क कार्डचा पत्ता. तो पत्ता हरवला तर तोच डबा पुढे नेटवर्कवर त्रास देतो. मग हेल्प. यादीत यूएसबी आणि ईएक्सटी२लोड दिसल्या तर काम सरळ आहे. नसल्या तर कर्नल नेटवर्कवरून टीएफटीपी या साध्या फाइल-पाठवणीने आणा, किंवा केडब्ल्यूबूट या साधनाने नवं यू-बूट सिरीयलमधून थेट रॅममध्ये चढवा. सुरुवातीच्या काही चिपांना हे जमत नाही, बाकीच्यांना जमतं, आणि फ्लॅशला धक्का लागत नाही. सेव्हएनव्ही ही आज्ञा यू-बूटमधले बदल फ्लॅशमध्ये लिहिते, ती अजून वापरायची नाही.

पेनड्राइव्ह लॅपटॉपवर तयार करा. पहिलं पार्टिशन ईएक्सटी२, कारण जुन्या यू-बूटला ईएक्सटी४ वाचता येत नाही. दुसरं डेबियनसाठी ईएक्सटी४, त्याला रूटएफएस असं लेबल. डीबूटस्ट्रॅप या साधनाने आर्मईएलचं बुकवर्म उतरवा आणि क्यूईएमयूच्या (दुसऱ्या प्रोसेसरचे प्रोग्राम चालवणारं साधन) मदतीने लॅपटॉपवरच दुसरा टप्पा पूर्ण करा. रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड, लांबून लॉगिन करायला एसएसएच, आणि नेटवर्क कार्डाला राउटरकडून आपोआप पत्ता मिळावा म्हणून डीएचसीपी तिथेच बसवा. मार्वेलचा कर्नल टाकल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा: जुन्या यू-बूटला डिव्हाइस ट्री, म्हणजे डब्यात काय काय आहे त्याचं वर्णन, कळत नाही. म्हणून ते वर्णन असलेली तुमच्या डब्याची डीटीबी फाइल कर्नलच्या शेपटीला जोडायची आणि एमकेइमेजने दोन्ही मिळून यूइमेज, म्हणजे यू-बूटला वाचता येणारी फाइल, करायची. तुमचा डबा फ्लॅश-कर्नल पॅकेजच्या यादीत असेल तर हे काम ते स्वतः करतं, पण ते फ्लॅशमध्ये लिहिणार नाही ना ते आधी बघा.

मग यू-बूटमध्ये यूएसबी सुरू करा, कर्नल रॅमच्या ०एक्स८००००० पत्त्यावर आणि इनिटआरडी (सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा) ०एक्स११००००० वर आणा, कर्नलला कन्सोल आणि डेबियनच्या पार्टिशनचं लेबल सांगा, रूटडिले १० सेकंद द्या आणि बूटएम ही सुरू करायची आज्ञा द्या. पेनड्राइव्ह जागा व्हायला वेळ घेतो, त्यासाठी तो उशीर. लॉगिन दिसलं की पुढचं एसएसएचवरून.

आता फाइली वाटायला सांबा हा प्रोग्राम टाका. त्याच्या आजच्या आवृत्त्या मुळातच एसएमबीच्या दुसऱ्या पिढीपासून सुरू होतात, त्यामुळे विंडोजची तक्रार तिथेच मिटते. १२८ एमबी रॅमवर डेस्कटॉप किंवा नेक्स्टक्लाउडसारखं जड सॉफ्टवेअर टाकू नका. डिस्कवर थोडा स्वॅप, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायची जागा, ठेवा. मोठे बॅकअप आरसिंक या फाइल-नकलीच्या साधनाच्या स्वतःच्या सर्व्हरने घ्या. एसएसएचमधून नेलं तर एन्क्रिप्शनमध्येच हा प्रोसेसर दमतो.

आपल्याकडच्या लाइटीचा विचार वेगळा करावा लागतो. राउटरसाठी मिळणारे छोटे १२ व्होल्टचे यूपीएस एका डिस्कच्या डब्याला चालतात, पण त्यावर लिहिलेले अँपिअर अडॅप्टरइतके आहेत ना ते बघूनच घ्या. लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर काही डब्यांचं घड्याळ मागे जातं आणि फाइलींच्या तारखा बिघडतात. वेळ डिस्कवर लिहून ठेवणारं फेक-एचडब्ल्यूक्लॉक टाकलं की निदान शेवटच्या वेळेपासून सुरुवात होते. फाइल सिस्टिम नोएटाइमने जोडा, म्हणजे फाइल नुसती वाचली तर तिची वेळ लिहिली जात नाही आणि पेनड्राइव्ह जास्त टिकतो. डिस्कची सेटिंग बदलणाऱ्या एचडीपार्मला थांबायच्या वेळेसाठी २४१ हा आकडा दिला की अर्धा तास काम नसताना डिस्क थांबते. उन्हाळ्यात ते फार उपयोगी पडतं. पंखा असेल तर दिवाळीला आणि होळीला साफ करा, आपली काळी धूळ त्यात घट्ट बसते.

शेवटी सेव्हएनव्ही. काही दिवस वापरल्यावर, मुद्दाम लाइट घालवून पुन्हा बूट होतोय हे बघितल्यावरच. बूटची आज्ञा अशी लिहा की पेनड्राइव्ह सापडला तर तिथून, नाहीतर पूर्वीच्या आज्ञेने. मग पेनड्राइव्ह काढून बघा: मूळ फर्मवेअर उघडलं पाहिजे. उघडलं तर मूळ बूट आज्ञा, नेटवर्कचा पत्ता आणि पिनांचा क्रम कागदावर लिहून झाकणाच्या आतून चिकटवा आणि स्क्रू लावा.