नंबर तोच, कंपनी नवी: पोर्टिंगमधले शब्द

पोर्टिंग म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं. इंग्रजीत ‘पोर्ट’, एक जागा सोडून दहा आकडी नंबर, एवढा एसएमएस १९०० वर पाठवा. उत्तरात आठ अक्षर-आकड्यांचा कोड येतो, तोच यूपीसी. आपल्याकडे तो चारच दिवस चालतो; म्हणून नव्या कंपनीचं दुकान आधी गाठा, मेसेज मग.

कोड मिळत नाही? सध्याच्या कंपनीत ९० दिवस झाले नसतील, पोस्टपेडचं बिल थकलं असेल, नाहीतर सात दिवसांच्या आत सिम बदललं असेल.

सर्कल म्हणजे परवान्याचा विभाग. मुंबईचं वेगळं, उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून वेगळं. सर्कलमध्येच पोर्ट केलं तर कामाचे तीन दिवस, बाहेर पाच. प्रीपेडचा उरलेला बॅलन्स मात्र बुडतो, आधीच संपवा.