सीईओ व्हायचंय? आधी अकाउंट्सवाल्याच्या टेबलाशी बसा

उद्यमबाग, मच्छे, होनगा, हत्तरगी... बेळगावात इंजिनिअर काही कमी नाहीत. मीही उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला लागले. आज एका कास्टिंग कंपनीची सीईओ आहे. पोरं विचारतात, "मॅडम, एमबीए करू का?" करा की. पण ही कामं डिग्रीवाचूनही आजच सुरू करता येतात.

रिजेक्शन, म्हणजे बाद झालेला माल, टक्क्यांत सांगायचं सोडा, रुपयांत सांगा. समजा पंपाच्या हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या कवचात, ब्लोहोल (वायू अडकून पडलेलं भोक) निघाला. फेटलिंगलाच, म्हणजे कास्टिंग साफ करतानाच, सापडला तर लोखंड परत भट्टीत जातं. वीज, वाळू, बाइंडर, मजुरी तेवढी बुडाली. मशिनिंगनंतर उघडा पडला तर सीएनसी मशीनचे तास आणि टूलही गेलं. गिऱ्हाइकाकडे सापडला की अख्खा लॉट निवडायला माणसं पाठवा, भाडं भरा, वर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) घ्या. भोक तेच! या तिन्ही टप्प्यांचा खर्च एका कागदावर मांडा आणि अकाउंट्समधल्या माणसाकडून तपासून घ्या. तो त्यात लाल पेन चालवेल, चालवू द्या. मालक मीटिंगमध्ये तोच कागद मागतो, तुमचा कारणं शोधायचा फिशबोन डायग्राम नाही.

मग रोकड शिका. नफा दिसतोय आणि पगाराला पैसे नाहीत, हे होतं कसं? भट्टीसाठी भंगार विकणाऱ्याला पैसे लगेच हवेत, गिऱ्हाईक देणार तीन महिन्यांनी. मधले दिवस बँकेच्या सीसीवर (कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या उचलीवर) निघतात आणि व्याज आपल्या माथी. बरं, मशिनिंगचं जॉबवर्क करणारा नोंदणीकृत लघुउद्योग असेल तर २००६ च्या कायद्याने त्याचे पैसे ४५ दिवसांपुढे थकवता येत नाहीत, करारात काहीही लिहिलेलं असो. म्हणजे त्याच्या पैशांवर आपला धंदा ढकलता येत नाही.

तिसरं, आडवी बदली नाकारू नका. मेरी बारा १९८० साली अठराव्या वर्षी जनरल मोटर्समध्ये लागल्या, काम गाडीचे पत्रे तपासायचं. पुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, प्लांट मॅनेजर, आणि २००९ मध्ये चक्क एचआर प्रमुख. आपल्याकडच्या इंजिनिअरला ही शिक्षाच वाटली असती. तिथून त्या प्रॉडक्ट डेव्हलपमेंटला गेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये सीईओ झाल्या. माझं मत विचाराल तर आपल्या भागात एचआरपेक्षा खरेदी बरी. एकाच टेबलावर भाव, उधारी आणि माणसं तिन्ही कळतात.

कन्नड बोला. सीमाप्रश्न चहाच्या टपरीवर ठेवा. वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डरला "ऊट आतेन्री?" (जेवण झालं का?) म्हणून विचारलं की वाळू आज ओली का आहे ते तो आपण होऊन सांगतो, रिपोर्टात ते संध्याकाळी येतं.

आणि खुर्ची चालून आलीच, तर घरच्या मालकीच्या कंपनीत आधी तीन गोष्टी विचारा. किती रकमेपर्यंत माझी सही चालेल? माणूस घ्यायचा-काढायचा अधिकार कुणाचा? मालकांचा पुतण्या मला न विचारता डिस्पॅच बदलू शकतो का? "बघू की हो, घरचंच आहे" असं उत्तर आलं, तर ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये स्पष्ट लिहून मागा. सही त्यानंतर.