मुलगा बाल न्याय मंडळापुढे नेण्याआधी: दुभाष्यापासून सुरुवात

गुन्ह्याच्या आरोपावरून अठरा वर्षांखालचा मुलगा ताब्यात आल्याचा फोन आला की ठाण्याला दोन गोष्टी आधी विचारा: वय काय लावलंय, आणि पोरगा घरी कोणती भाषा बोलतो. कलम ते न विचारताच सांगतात. भाषेचं उत्तर नुसतं 'आदिवासी' असं आलं तर पुन्हा विचारा. धडगाव, शिरपूर, चोपडा या पट्ट्यात पावरी, नवापुरात मावची, अक्कलकुव्याकडे देहवाली. एका भाषेचा दुभाष्या दुसरीला चालत नाही. अमळनेर-पारोळ्याकडच्या अहिराणी पोराला शाळेची मराठी कळते, पण घाबरलेला पोरगा कळलेल्या प्रश्नालाही उत्तर देत नाही, म्हणून तिथेही 'जेवना का रे भाऊ?' इथून सुरुवात करावी. आपल्याला अहिराणी येते म्हणून पावरीही भागेल असं कुणी धरू नये. दुभाष्याला फोन त्याच वेळी लावा, बाकीची धावपळ नंतर.

कोण चालेल? दुसऱ्या गावचा आश्रमशाळेचा शिक्षक, आशाताई, अंगणवाडी सेविका, कॉलेजात शिकणारा त्याच भाषेचा तरुण. ठाण्यातला त्या भाषेचा शिपाई चालणार नाही. फिर्यादीच्या नात्यातला, ऊसतोडीचा मुकादम, गावचा पोलीस पाटील, यांपैकीही कुणी नको. बापसुद्धा नको, बापासमोर पोरगा व्यसन, घरचा मार, मुलीशी असलेलं नातं यातलं काहीही काढत नाही. पॉक्सो या मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवायची असते. ती मागा आणि प्रत्येक भाषेचे दोन-दोन नंबर आजच उतरवून घ्या, सातपुड्यात एकाला तरी रेंज नसते. आलेल्या दुभाष्याला बजावा: विचारलं तेवढंच विचारायचं, सांगितलं तेवढंच सांगायचं, बाहेर एक शब्द नाही. पोरगा पाच मिनिटं बोलला आणि दुभाष्या 'हो म्हणतोय साहेब' एवढंच म्हणाला, तर दुभाष्या बदला.

ठाण्यातलं थोडक्यात. कोठडी नाही, बेडी नाही, कशावरही सही-अंगठा नाही, मुलाशी बोलणारा बाल कल्याण पोलीस अधिकारी साध्या कपड्यांत, मुलगी असेल तर महिला पोलीस. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत बाल न्याय मंडळ. मोलगीहून नंदुरबारला यायचं असेल तर निघाल्याची वेळ लिहून ठेवा. मंडळाची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं, बैठकीची वाट पाहत मुलाला ठाण्यात बसवायचं नाही. आईवडील, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तिघांना कळवल्याची नोंद हवी. एफआयआर फक्त निर्घृण गुन्ह्यात (निर्घृण म्हणजे काय ते पुढे आहे) किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल तेव्हा. एरवी स्टेशन डायरीत नोंद आणि नमुना १ मधला सामाजिक पार्श्वभूमी अहवाल. या नमुन्यात घरची भाषा आणि दुभाष्याचं नाव लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा, पण लिहा. पुढे वकिलाला, मानसशास्त्रज्ञाला आणि मंडळाला ते तिथूनच कळणार आहे.

वयाच्या कागदाला वेळ लागतो, म्हणून माणूस पहिल्याच दिवशी पाठवा. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ९४ चा क्रम ठरलेला आहे (पुढची कलमंही याच कायद्याची): आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तेव्हाच हाडांची तपासणी, आणि तीही आदेशापासून १५ दिवसांत. दाखल्यावर १ जून दिसली की थांबा. तारीख माहीत नसलेल्या पोरांना शाळेत नाव घालताना आपल्याकडे सर्रास १ जून लावलेली असते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर थांबू नका; ज्या शाळेत पहिल्यांदा नाव घातलं तिथल्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा. ऊसतोडीवर जाणाऱ्या घरातल्या पोराचं नाव दोन शाळांत आणि तारखा दोन, असंही सापडतं. दोन्ही उतारे मंडळापुढे ठेवा, सोयीचा एक निवडू नका. मे महिन्यात आश्रमशाळा बंद, मुख्याध्यापक गावी. अशा वेळी यावल, धुळे, नंदुरबार किंवा तळोद्याच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून पत्र काढा. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं, पकडल्याच्या दिवशीचं नव्हे. १८ च्या रेषेइतकीच १६ ची रेषा जपा, कारण निर्घृण गुन्ह्यात १६ पूर्ण झालेल्यालाच कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन लागतं, म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्याआधीची मंडळाची तपासणी.

निर्घृण म्हणजे किमान शिक्षाच सात वर्षं किंवा जास्त असलेला गुन्हा. गुन्हा ऐकायला किती भयंकर वाटतो याने काही ठरत नाही, म्हणून कलम उघडून किमान शिक्षा वाचा. सातपुड्यातल्या गांजाच्या शेतात पाणी भरताना सापडलेला पोरगा घ्या: लागवडीच्या कलमात दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, किमान शिक्षा नाही, त्यामुळे ते गंभीर ठरतं, निर्घृण नाही. उलट सतरा वर्षांचा मुलगा आणि सोळा वर्षांची मुलगी पळून जाऊन एकत्र राहिली, पंचांनी देज (मुलीच्या घरच्यांना द्यायचं वधूमूल्य) ठरवून प्रकरण मिटवलं, आणि मग कुणीतरी तक्रार केली, तर पॉक्सोमुळे ते थेट निर्घृणमध्ये जातं. पंचांचा निवाडा खटला थांबवत नाही. तरीही तो अहवालात सविस्तर हवा: कधी, कुणासमोर, दोन्ही घरांनी काय मान्य केलं. गुन्हा कोणत्या परिस्थितीत घडला हे मंडळाला पाहायचंच असतं.

परिविक्षा अधिकाऱ्याच्या सामाजिक तपासणी अहवालाला पहिल्या हजेरीपासून १५ दिवस आहेत. दिवाळीनंतर हे १५ दिवस फसवतात, कारण घर गुजरातेत उसाच्या फडावर गेलेलं असतं आणि दाराला कुलूप. जाण्याआधी मुकादमाचा नंबर मिळवा, टोळी कोणत्या कारखान्याची ते विचारा, आजी-आजोबा मागे आहेत का बघा. त्या गावच्या आठवडे बाजाराच्या दिवशी आणि होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत गृहभेट ठेवू नका, घरी कुणी सापडणार नाही. पोलिसांच्या गाडीतून जाऊ नका. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर उभं राहून मुलाचं नाव घेऊन चौकशी करू नका. ओळख उघड करणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकणाराही त्यातच येतो. आणि गृहभेटीलाही दुभाष्या न्या. आईचं म्हणणं शेजाऱ्याच्या तोंडून ऐकलं तर तो शेजाऱ्याचा अहवाल होतो.

मुलाशी बोलणं किमान दोन बैठकांत. पहिल्या बैठकीत गुन्ह्याचा विषयच नको: घरी स्वयंपाक कोण करतं, झोप लागते का, कानाला-डोळ्याला काही आहे का, फिट येते का, डोक्याला कधी मार लागला का, गुटखा, मोहाची दारू. भुसावळ स्टेशनवर सापडलेल्या पोराला हुंगायच्या नशेबद्दल वेगळं विचारा. दाखल्यावर आठवी आहे म्हणून वाचता येतं असं लिहू नका. दुसरीच्या पुस्तकातला परिच्छेद वाचायला द्या, शंभराच्या नोटेतून सदतीस गेले तर किती उरले ते विचारा. 'समजलं का?' हा प्रश्न पूर्ण बंद. भीतीने, अदबीने किंवा भाषा न कळल्याने पोरगा 'हो' म्हणतो, आणि त्या 'हो'वरून अहवालात 'परिणामांची पूर्ण जाणीव आहे' असं वाक्य तयार होतं. या एका वाक्यावर मुलगा प्रौढासारखा खटला चालवायला पाठवला जाऊ शकतो. म्हणून त्याच्याच भाषेत, दुभाष्यामार्फत, त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा: ज्याला लागलं त्याचं पुढे काय झालं, त्याच्या घरचं काय, तुझं काय होईल. उत्तर मूळ भाषेत देवनागरीत उतरवा, खाली मराठी. कबुलीजबाब घेऊ नका, 'गुन्हा कबूल केला' असं तर कधीच लिहू नका. प्राथमिक मूल्यांकन हा खटला नाही हे कायद्यातच म्हटलंय.

मूल्यांकनाची मुदत पहिल्या हजेरीपासून तीन महिने. मंडळावर बालमानसशास्त्र किंवा बालमानसोपचाराची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. जिल्हा रुग्णालयाला पत्र लगेच द्या, आणि त्याच पत्रात भाषा व दुभाष्याचं नाव टाका. बुद्धिमापन चाचणी मराठीत घेऊन पावरी पोराचा आकडा कमी आला, तर तो आकडा भाषेचा आहे की बुद्धीचा हे कुणालाच सांगता येणार नाही. तज्ज्ञाच्या खोलीत दुभाष्या नव्हता असं दिसलं तर अहवाल तसाच पुढे पाठवू नका, पुन्हा तपासणी मागा. अहवालावर दुभाष्याचं नाव, भाषा आणि वेळ हवी. सगळ्या अहवालांच्या प्रती मुलाच्या वकिलाला वेळेत द्या.

तारखेच्या दिवशी: मूळ कागद, दोन झेरॉक्स संच, पालक, वकील, दुभाष्या, मुलाला खायला. जामिनाला कलम १२. नाकारला तर कारणं लेखी मागा. अट सात दिवसांत पूर्ण झाली नाही तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे न्या, रोजंदारीवरच्या बापाला जामीनदार मिळत नाही ही नेहमीची अडचण आहे. पालकाचं हमीपत्र वाचून दाखवा, त्याच्या भाषेत. पुढची तारीख कागदावर, आणि मुकादमालाही फोन करून, पण प्रकरण काय ते न सांगता. मुलाला प्रौढासारख्या खटल्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवायचा आदेश झाला तर प्रत त्याच दिवशी, अपील ३० दिवसांत. मंडळाच्या चौकशीची मुदत पहिल्या हजेरीपासून चार महिने, वाढवून आणखी दोन. निरीक्षणगृहात ठेवलं असेल तर भेटीचे वार घरच्यांना सांगा आणि येण्या-जाण्याच्या भाड्याचं आधी विचारा.