पीसी गेममधील ॲचिव्हमेंटची नोंद : क्लायंटसह आणि क्लायंटविना

तीस-चाळीस तास घालवून गेम संपवावा आणि प्रोफाइलवर एकही ॲचिव्हमेंट (गेममधील ठरावीक अट पूर्ण केल्याबद्दल मिळणारा बहुमान) दिसू नये, याची हळहळ सोसलेल्यालाच कळते. ती टाळण्यासाठी गेम सुरू करण्यापूर्वीच नोंद नेमकी कुठे होणार आहे, हे पाहून घ्यावे.

अट पूर्ण झाली की नाही, हे गेम स्वतः ठरवतो. स्टीम या गेमविक्रीच्या व्यासपीठावरील गेम अट पूर्ण होताच क्लायंटला, म्हणजे आपल्या संगणकावरील स्टीमच्या प्रोग्रामला, तसे कळवतो. क्लायंट ती नोंद आधी आपल्या संगणकावर ठेवतो आणि मग सर्व्हरकडे पाठवतो. त्यामुळे इंटरनेट नसणे आणि क्लायंट नसणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ऑफलाइन मोडमध्ये मिळवलेली ॲचिव्हमेंट पुन्हा ऑनलाइन आल्यावर खात्यावर चढते. मात्र त्याआधी विंडोज नव्याने टाकू नये किंवा स्टीमचे फोल्डर पुसू नये. याउलट काही गेम क्लायंट बंद असतानाही थेट चालू होतात, पण तेव्हा ॲचिव्हमेंट कळवायला पलीकडे कोणीच नसते आणि ती सहसा हुकते. ओव्हरले (गेमवर उमटणारा स्टीमचा थर) बंद असेल तर कोपऱ्यातील सूचना दिसत नाही, नोंद मात्र होते. म्हणून सूचनेवर विसंबून न राहता लायब्ररीतील यादी पाहावी.

जीओजी या गेम विकणाऱ्या संकेतस्थळावरून ऑफलाइन इन्स्टॉलर (क्लायंटविना गेम बसवणारी फाइल) घेऊन खेळणाऱ्यांनाही हेच लागू पडते. तिथे गेम खेळण्यासाठी गॅलेक्सी हा क्लायंट लागत नाही, परंतु खात्यावर ॲचिव्हमेंट हवी असेल तर तो लागतो.

काही गेम मात्र आपला हिशेब स्वतःच ठेवतात आणि मला ही पद्धत अधिक भावते, कारण नोंद आपल्या हातात राहते. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत 2017 पासून ॲचिव्हमेंटच्या जागी ॲडव्हान्समेंट आल्या. त्या प्रत्येक वर्ल्डच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. फाइल उघडली की प्रत्येक पूर्ण अटीपुढे तारीख आणि वेळ वाचता येते. नवे वर्ल्ड सुरू केले की यादी कोरी होते. फॅक्टोरिओ हा गेम निर्मात्यांच्या संकेतस्थळावरून घेतला, तरी त्याची स्वतःची ॲचिव्हमेंट यादी असते. ती वापरकर्त्याच्या डेटा फोल्डरमधील एका फाइलमध्ये राहते, म्हणून संगणक बदलताना सेव्हबरोबर (खेळातील प्रगती साठवलेल्या फाइलबरोबर) त्या फाइलचीही प्रत घ्यावी.

मॉड (गेममध्ये बाहेरून घातलेले बदल) आणि कन्सोल (गेममध्ये आज्ञा लिहिण्याची चौकट) यांबाबत विशेष सावध राहावे. फॅक्टोरिओ मॉडसह मिळालेल्या ॲचिव्हमेंट वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो आणि त्या स्टीमवर धरल्या जात नाहीत. कन्सोलमध्ये लुआ या प्रोग्रामिंग भाषेतील आज्ञा दिल्यास तो आधी इशारा देतो आणि तीच आज्ञा पुन्हा दिली तरच ती पाळतो. त्यानंतर त्या सेव्हवर ॲचिव्हमेंट बंद होतात. अशी आज्ञा वापरून पाहायचीच असेल, तर आधी सेव्हची वेगळी प्रत करावी.

क्लायंटविना खेळलेला गेम पुढे क्लायंटवर घेतला, तर जुनी सेव्ह तिथे उघडून पाहावी. शंभर शत्रू मारणे यांसारखी मोजणीची अट काही गेम पुन्हा तपासतात आणि ॲचिव्हमेंट लगेच देतात. एखाद्या प्रसंगाशी बांधलेली ॲचिव्हमेंट मात्र बहुधा तो प्रसंग पुन्हा खेळल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे अशा प्रसंगांच्या आधीच्या सेव्ह पुसू नयेत.