बागेतला डिजिटल सांधा: आधी बोट, मग पत्ता

बागेतल्या मॉडेल रेल्वेत गाडीला सरळ किंवा वळणावर नेणारा सांधा मोटरने हलवायचा असेल, तर मोटर जोडण्याआधी त्याचे सरकते रूळ बोटाने दोन्हीकडे हलवून पाहा. खडीचा एक दाणा अडकतो आणि बदनाम होतं सेटिंग! मग डिकोडरचं, म्हणजे कंट्रोलरची आज्ञा ओळखून मोटर हलवणाऱ्या छोट्या सर्किटचं, बटण दाबून धरा. दिवा लुकलुकला की कंट्रोलरवरून हव्या क्रमांकाच्या सांध्याला आज्ञा द्या. बहुतेक डिकोडर तोच क्रमांक आपला पत्ता म्हणून धरतात. पुढे कंट्रोलर बदलल्यावर १ ऐवजी ५ दाबावं लागलं, तर बिघाड शोधू नका; काही कंपन्यांची मोजणी ४ ने सरकते. सरळ-वळण उलटं झालं तर मोटरच्या दोन तारांची अदलाबदल पुरे. विजेच्या झटक्यावर चालणाऱ्या मोटरला क्षणभराहून जास्त वीज नको, आतलं तारेचं वेटोळं (वाइंडिंग) जळू शकतं. ठाण्या-नेरुळच्या पावसात डिकोडर छपराखालीच ठेवा, बाहेरच्या जोडांना सिलिकॉन ग्रीस लावा.