वाड्यातलं जुनं पिस्तूल: ओळखायचं कसं, जपायचं कसं

वाडा पाडायला काढला की माळ्यावरच्या ट्रंकेतून कधीकधी एखादं ठासणीचं, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायचं, पिस्तूल निघतं. घरात एकाला ते लखलखीत करायचं असतं, दुसऱ्याला विकायचं. दोघांनाही थांबवा.

पहिलं काम म्हणजे ते भरलेलं नाही ना हे बघणं. शेवटची ठासलेली दारू नळीत तशीच राहिलेली असू शकते आणि कोरडी राहिलेली काळी दारू शंभर वर्षांनीही पेट घेते. घोड्याखाली, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणाऱ्या भागाखाली, तांब्याची टोपी (ठिणगी पाडणारी छोटी वाटी) दिसली तर पुढचं काही करूच नका. टोपी नसेल तर नळीचं तोंड माणसांपासून दूर ठेवा आणि स्वतः बाजूला उभं राहून एक बारीक लाकडी काडी टेकेपर्यंत आत सरकवा. तोंडाशी येईल तिथे खूण करून काडी बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून पाहा. टोक कानापर्यंत, म्हणजे ठिणगी आत जाण्याच्या छिद्रापर्यंत, पोचलं तर नळी रिकामी. इंच-दीड इंच अलीकडेच थांबलं तर आत काहीतरी आहे. ते टोकरू नका. पिस्तूल आहे तिथेच ठेवून पोलिस ठाण्याला कळवा.

मग कायदा. जुनं म्हणजे परवान्याची गरज नाही, हा समज फार पसरलेला आहे आणि तो महागात पडतो. शस्त्र अधिनियम १९५९च्या कलम ४५ मधली सूट जुनाट, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या हत्यारांना आहे. पण अट अशी की ते हत्यार दुरुस्त करूनही चालू शकत नसावं. काडतुसं घालायचं रिव्हॉल्व्हर, उदाहरणार्थ फौजेतल्या आजोबांचं वेब्ली, या सुटीत बसेल असं धरून चालू नका. आजोबांचा परवाना वारसाला आपोआप मिळतही नाही. पिस्तूल पिशवीत घालून हिंडू नका. त्याचे फोटो आणि असतील ती कागदपत्रं घेऊन पोलिस ठाण्यात जा; परवान्याचा विषय आयुक्तालय असलेल्या शहरात पोलिस आयुक्तांकडे असतो, इतरत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे.

ओळख पटवायची तर आधी चापाची रचना बघा. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरायची सोय असेल तर ते चकमकीचं. घोडा हातोडीसारखा असून खाली टोपी बसवायचं बोंड असेल तर एकोणिसाव्या शतकातलं टोपीचं. नंतर तिरप्या उजेडात शिक्के शोधा. चार भाग केलेला बदाम आणि त्यात अक्षरं असतील तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा जुना शिक्का. पुढे, १८०८च्या सुमारास, त्याची जागा मागच्या पायांवर उभ्या सिंहाने घेतली. नळीच्या मागच्या भागावरचे बारीक शिक्के चाचणीचे, म्हणजे बार सोसून नळी फुटत नाही हे तपासल्याचे, असतात. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३चं, त्यामुळे त्याचा शिक्का असेल तर ती चाचणी त्यानंतरचीच. नुसतं ‘टॉवर’ (लंडनच्या टॉवरमधल्या शस्त्रागाराची खूण) वाचून हुरळून जाऊ नका, नकलांवर तेच सर्रास कोरतात. पुण्याच्या केळकर संग्रहालयात किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुनी शस्त्रं आहेत, ती डोळ्यांखालून घाला.

साफसफाई जितकी कमी तितकी बरी. चिंच, राख, पितांबरी, काचपेपर, काहीही नको. त्यांनी गंजाबरोबर शिक्केही जातात आणि तपकिरी झाक एकदा गेली की किंमतही उतरते. सुती हातमोजे घाला, कारण घामातल्या मीठाने बोटांचे ठसे लोखंडावर गंजून उमटतात. लाल गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब टाका, दिवसभर मुरू द्या आणि मऊ फडक्याने टिपा. तेल लाकडी दस्त्यात झिरपू देऊ नका, लाकूड कुजकट होतं. वरून मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (खनिज तेलापासून केलेलं, संग्रहालयांत वापरतात ते मेण) पातळ हात पुरतो.

चामड्याच्या म्यानात कधीच ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि त्यातलं आम्ल धातू खातं. सुती कापडात गुंडाळून कुलपाच्या कपाटात ठेवा. कोकणात असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या वरचेवर बदला.

अमेरिकेतल्या भावाला ते न्यायचं असेल तर विसरा. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावशेष कायदा १९७२ खाली येते आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही.

खंडेनवमीला पूजा जरूर करा. पण कुंकू कोरीवकामात अडकून ओल धरतं, म्हणून ते पिस्तुलाला न लावता शेजारच्या सुपारीला लावा.