मोठ्या संख्येचे अवयव पाडताना या चुका टाळा

१२,३४,५६,७८९ ही संख्या घ्या. दिसायला साधी, पण नेहमीच्या जवळजवळ सगळ्या चुका करायला लावणारी.

अंकांची बेरीज ४५, म्हणजे ३ ने भाग जातो. बरेच जण एकदा भागून ४,११,५२,२६३ मिळाले की ५ कडे वळतात. पण याही अंकांची बेरीज २४ आहे. पुन्हा भागा: १,३७,१७,४२१. आता बेरीज २६, इथे ३ चा हिशेब मिटला.

७, ११ आणि १३ यांची एकत्र कसोटी १००१ = ७ × ११ × १३ यावर उभी आहे. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करायचे आणि आलटून पालटून वजा-अधिक करायचे. घात करतात ते स्वल्पविराम! लाख-कोटींचे गट तसेच उचलले तर ७८९ − ५६ + ३४ − १२ = ७५५ आणि ७ ने बाकी ६ येते, जी चूक आहे. बरोबर मांडणी ७८९ − ४५६ + १२३ = ४५६; बाकी अनुक्रमे १, ५ आणि १. तिघांपैकी कोणानेच भाग जात नाही.

सर्वांत महागात पडते ती थांबण्याची घाई. शंभरापर्यंत, फार तर हजारापर्यंत भागून पाहायचे आणि ‘उरलेली संख्या मूळ आहे’ म्हणून मोकळे व्हायचे. मर्यादा ठरते वर्गमूळावरून, तेही उरलेल्या संख्येच्या. सुरुवातीच्या संख्येसाठी ती ११,१११ होती. ९ काढून टाकल्यावर ३,७०३ वर आली. दर भागाकारानंतर ती नव्याने काढली नाही तर फुकटची मेहनत होते. इथे भाग जातो तो ३६०७ ने, म्हणजे ५०४ व्या मूळ संख्येने, अगदी काठावर. भागाकार ३८०३. तो वेगळा तपासायची गरज नाही: त्याचे वर्गमूळ ६२ च्या आत आहे आणि तिथवरच्या मूळ संख्या आधीच बाद झाल्या आहेत.

तर संख्या = ३² × ३६०७ × ३८०३. विभाजक मोजताना प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा: ३ × २ × २ = १२. दोन्ही ३ वेगवेगळे धरले की १६ येतात. विभाजकांच्या बेरजेतही हाच सापळा आहे; ३² साठी ४ × ४ नव्हे, १ + ३ + ९ = १३ घ्यायचे. १३ × ३६०८ × ३८०४ = १७,८४,२२,८१६.

यंत्रावर काम करताना भाग गेला की नाही हे दशांशावरून ठरवू नका, बाकी काढा. एक्सेलमध्ये १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात. १६ अंकी विषम संख्या तिथे गुपचूप सम होते. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत पूर्णांक अचूक राहतात, पण / हे चिन्ह दशांश उत्तर देते. भागाकाराला // आणि बाकीला % वापरा.